मुरबाडच्या चार एकरांत हेम्प लावता येईल का?

मुलुंडकर

नमस्कार मंडळी. राहायला मुलुंडला, जमीन मुरबाड तालुक्यात. एकूण चार एकर, त्यातली दीड एकर भाताची खाचरं आणि बाकी वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन. वरकसात पूर्वी नाचणी-वरई व्हायची, आता माणसं मिळत नाहीत म्हणून नुसतं गवत वाढतं. विहीर आहे, मार्चपर्यंत पाणी पुरतं.

औद्योगिक हेम्पबद्दल, म्हणजे धागा-बियांसाठी लावायच्या कमी नशेच्या भांगेबद्दल, बरंच ऐकतोय: पाणी कमी, फवारणी नाही, धागा, बी आणि दांडा तिन्ही विकले जातात, जमीन सुधारते, वर कार्बन क्रेडिट. नशेचं प्रमाण ०.३ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर कायदेशीर आहे असंही वाचलं. परवाना कुठे मिळतो, बी कुठलं घ्यायचं आणि एकरी हातात काय पडतं, हे जाणकारांनी सांगावं. ऑनलाइन खायचं हेम्प बी राजरोस मिळतं, तेच पेरलं तर?

ठाण्याचे वकील

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यातच माणसं अडकतात. ते बी पेरू नका.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये हेम्पचं बी, तेल आणि पीठ खाद्यपदार्थ म्हणून मान्य केलं. बियांत टीएचसी (नशा आणणारा घटक) किलोला ५ मिलिग्रॅमपर्यंत, तेलात १० मिलिग्रॅमपर्यंत, आणि बी न उगवणारं हवं अशी अट आहे. सोललेलं असेल तर ते उगवतच नाही. अख्ख्यातलं चुकून उगवलं, तर त्या झाडात टीएचसी किती भरेल हे पाकिटावरून कळत नाही. खायची परवानगी वेगळी, पेरायची वेगळी.

आता ०.३ टक्क्यांचं. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात हा आकडा कुठेही नाही. त्या कायद्याला ‘भांगेचं झाड’ एवढंच कळतं. फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, मग टीएचसी ०.१ असो की १५. लागवडीला कलम ८ ने बंदी आहे. कलम १४ मधून वाट आहे: फक्त धागा किंवा बी मिळवण्याच्या औद्योगिक कामासाठी, किंवा बागायती कामासाठी, सरकार सर्वसाधारण किंवा विशेष आदेश काढून लागवडीला मुभा देऊ शकतं. उत्तराखंडने ही वाट वापरली, २०१८ मध्ये तिथे परवाना दिला गेला आणि ०.३ टक्क्यांची मर्यादा तिथल्या अटींमधली आहे. हिमाचलच्या मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये नियंत्रित लागवडीच्या पथदर्शी अभ्यासाला मंजुरी दिली. महाराष्ट्रात शेतकऱ्याला अर्ज करून परवाना मिळेल असा आदेश नाही. त्यामुळे तहसीलदार कचेरीत ‘हेम्पचा फॉर्म’ शोधू नका, आणि असा परवाना काढून देतो म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका.

विनापरवाना लागवडीला कलम २० खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. झाडांची संख्या मोजून सूट मिळत नाही.

तुमच्यासारख्या शहरात राहणाऱ्या जमीनमालकांसाठी आणखी एक गोष्ट. कलम ४६ प्रमाणे आपल्या जमिनीवर बेकायदा भांग लावलेली कळल्यावर मालकाने लगेच कळवणं बंधनकारक आहे. जाणूनबुजून गप्प बसणं हाच गुन्हा. वरकस कोणाला खंडाने दिली असेल तर करारात पीक लिहून घ्या आणि पावसाळ्यात एखादी चक्कर मारा.

वरकसवाला

वकीलसाहेबांनी दार बंद केलंच आहे. पण उद्या ते उघडलं तरी मुरबाडला हेम्प लावू नका, असंच मी म्हणेन. कारण आहे दिवसाची लांबी.

हेम्प हे लहान दिवसाचं झाड. दिवस मोठा असेपर्यंत ते उंच वाढतं, दिवस ठरावीक मर्यादेखाली गेला की वाढ थांबवून फुलोऱ्यावर येतं. फेलिना, फ्युचुरा, फेडोरा हे युरोपातले कमी टीएचसीचे वाण जिथे तयार झाले, तिथे जूनमधला दिवस सोळा तासांचा असतो. चौदा-पंधरा तासांच्या खाली दिवस गेला की त्यांना फुलोऱ्याची घाई होते. आपला मुंबई-मुरबाडचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. म्हणजे जूनमध्ये पेरलं तरी झाड उगवल्यापासूनच ‘दिवस लहान झाला’ असं समजतं. गुडघा-मांडीएवढं होऊन फुलतं. धाग्याला दोन-अडीच मीटरचा, फांद्या नसलेला दांडा हवा. इथे हातभर काटकी मिळेल. रब्बीत पेरलं तर दिवस अकरा तासांचा, आणखी वाईट. डेहराडूनला जूनचा दिवस चौदा तासांचा भरतो, म्हणून तिथे निदान विचार करता येतो.

आखूड दिवसात उंच वाढणारे वाण चीनच्या युनान भागात आहेत. आपल्याकडच्या रानटी भांगेलाही इथला दिवस मानवतो, पण तिचं टीएचसी मर्यादेच्या कितीतरी वर जातं. अडचण नेमकी इथे आहे: ज्या बियांत नशा कमी ती इथे वाढत नाहीत, जी वाढतात ती मर्यादेत बसत नाहीत. टीएचसी मुळात वाणाच्या रक्तात असतं, खतपाण्याने ते खाली आणता येत नाही. शिवाय पराग वाऱ्यावर काही किलोमीटर जातो, त्यामुळे परिसरात रानटी भांग असली की पुढच्या वर्षी घरचं बी वापरायची सोय राहत नाही.

दुसरं कारण पाऊस. हेम्पला भुसभुशीत, निचऱ्याची, सामू (पीएच) ६ ते ७.५ ची जमीन लागते. सुरुवातीच्या तीन आठवड्यांत मुळाशी दोन-तीन दिवस पाणी साचलं की रोप पिवळं पडून बसतं, ते पुन्हा उभारी धरत नाही. मुरबाडचा जुलै तुम्ही बघितलेला आहे.

‘खत नको, फवारणी नको’ हेही जरा जपून घ्या. धाग्याच्या हेम्पला हेक्टरी शंभर किलोच्या आसपास नत्र लागतं. बी हेक्टरी ५० ते ७० किलो, ओळींत १५ ते २० सेंटिमीटर, दोन-तीन सेंटिमीटर खोल. इतकं दाट पेरल्यामुळे तण दबतं, तणनाशक वाचतं, एवढं मात्र खरं. बियांसाठी २५ ते ३० किलोच, कारण तिथे फांद्या हव्या असतात. एकाच शेतातून उत्तम धागा आणि भरपूर बी दोन्ही मिळत नाही: धागा फुलोऱ्याच्या सुरुवातीला काढायचा, बी पिकेपर्यंत थांबलात की धागा राठ होतो. ‘तिन्ही विकतात’वाली गणितं इथेच फसतात.

धागादोरा

वस्त्रोद्योगाच्या बाजूने लिहितो.

हेक्टरी ८ टन वाळलेला दांडा हे चांगलं पीक. त्यात सालीचा धागा २५ ते ३० टक्के, म्हणजे दोन-सव्वादोन टन. उरलेला आतला लाकडी गाभा. तुमच्या अडीच एकर वरकसात, सगळं सुरळीत झालं असं धरूनही, दोन-सव्वादोन टन कच्चा धागा होईल. तो सूतगिरणीला लगेच चालत नाही. आधी कुजवणी (साल सुटावी म्हणून दांडा ओला ठेवून कुजवणं), मग साल आणि गाभा वेगळा करणारं यंत्र, मग विंचरणी, आणि कापसाच्या यंत्रावर चालवायचा असेल तर धागा आखूड आणि मऊ करणं, म्हणजे कॉटनायझेशन. ही साखळी नसेल तर शेतकऱ्याकडे फक्त काटक्यांचा ढीग उरतो. दांडा इतका हलका-फुगीर असतो की ट्रकभर माल नेला तरी वजन भरत नाही. यंत्र लांब असेल तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

उत्तराखंडात माल दव-कुजवणीला शेतातच पसरता येतो: रात्री दव, दिवसा ऊन, तीन-चार आठवडे, अधूनमधून उलटायचं. कोकणात पावसाळ्यात पसरलात तर बुरशी सालच खाऊन टाकते.

ज्यांना मुंबईत हेम्पच्या कापडाचा धंदा करायचा आहे त्यांनी शेतीत पडूच नये, सूत विकत घ्यावं. भिवंडीच्या यंत्रमागावर उभा ताणा कापसाचा ठेवा आणि आडवा बाणा हेम्पचा. हेम्पचं सूत ताणलं की फारसं लांबत नाही, दीड-दोन टक्क्यांतच तुटतं. ताण्याला लावलं तर कारागीर दिवसभर गाठीच मारत बसेल. मिश्रसुतात कॉटनाइज्ड हेम्प २० ते ३० टक्के ठेवला तर रोटर कताईयंत्रावर सूत बरं निघतं, त्याहून वर गेलं की जाडाभरडेपणा आणि तुटणं दोन्ही वाढतं.

टीएचसी तपासणीबद्दलही सांगून ठेवतो, उद्या उत्तराखंडातल्या कोणाशी करार केलात तर उपयोगी पडेल. नमुना कापणीच्या आधी, शेंड्याचा वरचा २०-३० सेंटिमीटर भाग घेऊन. गॅस क्रोमॅटोग्राफी आणि एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या दोन पद्धती. गॅस क्रोमॅटोग्राफीत नमुना तापतो आणि आम्लरूपातलं टीएचसीए आपोआप टीएचसीत बदलतं. एचपीएलसीत दोन्ही वेगळे दिसतात, तिथे टीएचसीएला ०.८७७ ने गुणून टीएचसीत मिळवायचं. अहवालात नुसतं ‘टीएचसी ०.०८’ लिहिलेलं बघून खूश होऊ नका. ‘एकूण टीएचसी’ मागा. मर्यादा ओलांडलेलं पीक नष्ट करावं लागतं, तेव्हा त्याचा खर्च कोणाच्या अंगावर हे करारात आधीच लिहा.

मुलुंडकर

मनापासून आभार, डोळे उघडले. मग त्याच वरकसात कायद्याच्या कटकटीशिवाय धाग्याचं दुसरं काही? आमच्याकडे अंबाडी बांधावर पूर्वी असायची, दोर वळायला. बोरूचंही (तागाचंही) कोणी सुचवलं.

वरकसवाला

अंबाडी. आणि कारण पुन्हा दिवसाची लांबी, पण इथे ती आपल्या बाजूने आहे. अंबाडीचे दोन गट, त्यातल्या केनाफ गटातली अंबाडी साधारण साडेबारा तासांच्या खाली दिवस गेल्यावरच फुलोऱ्याकडे वळते. आपल्याकडे ती वेळ येते सप्टेंबरच्या सुरुवातीला. जूनमध्ये पेरलेलं झाड पूर्ण पावसाळा नुसतं उंच होत राहतं, सरळ, अडीच-तीन मीटर. परवाना नाही, पंचनामा नाही.

बी दुकानातून ‘अंबाडी’ म्हणून घेऊ नका, ते भाजीचं असतं आणि फांद्या फार करतं. धाग्याचे वाण वेगळे: केनाफ गटात एचसी-५८३, दुसऱ्या म्हणजे लाल-आंबट अंबाडीच्या गटात आंध्रातल्या आमदालवलसा केंद्राचा एएमव्ही-५. पहिला ११०-१२० दिवसांत निघतो, दुसऱ्याला महिनाभर जास्त. तुम्हाला पहिला. बियांसाठी बराकपूरच्या केंद्रीय ज्यूट संशोधन संस्थेला आधी पत्र टाका, हंगाम तोंडावर आल्यावर मिळत नाही.

पहिल्या वर्षी पाच गुंठ्यांच्या वर जाऊ नका. एकरी मात्रा देतो, तुम्ही आठाने भागा. बी ५ ते ६ किलो, ओळी ३० सेंटिमीटरवर, विरळणीनंतर झाडात ५ ते ७ सेंटिमीटर. पेरणी पहिला चांगला पाऊस झाल्यावर, उताराला आडवी. सिंगल सुपर फॉस्फेट ५० किलो, म्युरेट ऑफ पोटॅश १३ किलो आणि युरिया १७ किलो पेरताना. उरलेला १७-१८ किलो युरिया पहिली खुरपणी झाल्यावर, तीस-पस्तीस दिवसांनी, उघडीप बघून. जांभ्याच्या उतारावर एकदम दिलेला युरिया ओढ्यात जातो.

जिथे पाणी थबकतं तिथे खोडाच्या बुडाशी काळपट कूज येते आणि झाड उभंच्या उभं मरतं. औषधापेक्षा चर खणा.

भाजीसाठी कोवळे शेंडे खुडायचा मोह होणार, मुंबईत अंबाडीच्या भाजीला गिऱ्हाईक आहेच. कडेच्या दोन ओळी त्यासाठी सोडा आणि आतल्या झाडांना हात लावू नका. शेंडा खुडला की तिथून फांद्या फुटतात, आणि फांदीच्या प्रत्येक जागी धागा तुटतो.

बोरूबद्दल थोडक्यात. हिरवळीच्या खताला उत्तम, एकरी २० ते २५ किलो बी, फुलोऱ्याच्या आत ४५-५० दिवसांत गाडायचा. धाग्यासाठीही होतो, पण त्याला साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही आणि बी गुरांना बाधतं. खाचरात लावणीआधी गाडायचं असेल तर धैंचा बरा, तो पाण्यात तग धरतो.

मुलुंडकर

कापणीनंतर कुजवणी ओढ्यात चालेल का? शेताला लागून ओढा आहे.

वरकसवाला

ओढ्यात नको. कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, खालच्या अंगाचे मासे मरतात, आणि गावातल्या लोकांचं तुमच्याशी वाजेल.

टाकी करा. एका गुंठ्याचा ओला दांडा चारशे-साडेचारशे किलो धरा. माल आणि पाणी यांचं प्रमाण एकास वीस असेल तर धागा उजळ येतो, म्हणजे गुंठ्याला नऊ घनमीटर पाणी: चार मीटर लांब, अडीच रुंद, नव्वद सेंटिमीटर खोल खड्डा, आत शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद. पाच गुंठ्यांसाठी पाच खड्डे खणू नका, एकातच पाळीपाळीने घाला आणि त्या हिशेबाने कापणी टप्प्यात करा. पहिल्या पाळीचं थोडं पाणी शिल्लक ठेवलं तर जिवाणू तयार असतात, दुसरी पाळी लवकर उरकते.

कापणी फुलं दिसू लागली की, जमिनीलगत. पेंढ्या बांधून दोन-तीन दिवस शेतातच उभ्या ठेवा, पानं गळून खतालाच जातात. मग पेंढ्या आधी तीन-चार दिवस टाकीत उभ्या, फक्त बुडखा अर्धा मीटर पाण्यात. बुडखा जाड असतो, त्याला जादा वेळ हवा. नंतर आडव्या, वर दहा सेंटिमीटर पाणी राहील अशा. दाबायला दगड किंवा सिमेंटचे ठोकळे वापरा. चिखल, केळीचे खांब, लोखंड यांनी दाबलं की धागा काळवंडतो आणि भाव तिथेच पडतो.

आठव्या दिवसापासून रोज एक काडी काढून मधोमध अंगठ्याने साल सरकवून बघायची. काडीवरून साल अलगद, लांब फितीसारखी सुटली आणि काडी गुळगुळीत, पांढरी दिसली की त्याच दिवशी सगळं बाहेर. जोर लावावा लागला तर कच्चं. बोटांत धागा चिवट न लागता लगद्यासारखा झाला तर वेळ टळली. बहुतेक वेळा दहा ते पंधरा दिवस लागतात. ऑक्टोबरच्या उन्हात लवकर. धुऊन बांबूवर वाळवा, जमिनीवर पसरू नका. वापरलेलं पाणी काही दिवस खड्ड्यात मुरू द्या, मग साधं पाणी मिसळून आंब्या-काजूला.

धागादोरा

पैशांचं कोणी बोललं नाही. कच्च्या ज्यूटचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५६५० रुपये होता, अंबाडीच्या धाग्याला त्याहून कमीच मिळतो. पाच हजार धरा. चांगल्या जमिनीत एकरी आठ क्विंटल, तुमच्या वरकसात चारच धरा. म्हणजे वीस हजार. कापणी, कुजवणी, साल काढणी आणि धुणं मिळून एकराला तीस-चाळीस मजूरदिवस सहज जातात. पाचशे रुपये रोजाने पंधरा-वीस हजार तिथेच गेले. कच्चा धागा विकून यात काही नाही, हे आधीच समजून घ्या.

अर्थ आहे तो थेट गिऱ्हाइकात. हातकागदवाले, पिशव्या-दोऱ्या करणारे बचत गट, रोपवाटिकांना लागणाऱ्या सुतळ्या. पेणच्या मूर्तिकारांना काथ्या लागतो, तिथे अंबाडीचे तुकडे चालतील का हे किलोभर नमुना देऊन विचारा. सालं काढलेल्या पांढऱ्या काड्या धाग्याच्या दुप्पट वजनाच्या निघतात. मखरवाल्यांना त्या हलक्या म्हणून आवडतात, पण ऑक्टोबरचा माल पुढच्या भाद्रपदापर्यंत कोरडा ठेवायची जागा हवी. माटुंग्याला अडेनवाला रोडवर केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. धाग्याच्या कोणत्या चाचण्या शुल्क घेऊन करून देतात ते नमुना नेण्याआधी विचारून घ्या.

कार्बन क्रेडिटचं सोडून द्या. वाळलेल्या दांड्यात साधारण ४५ टक्के कार्बन, म्हणजे टनामागे दीड टनाहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड हवेतून आलेला असतो हे बरोबर. पण काड्या चुलीत गेल्या की तो परत हवेत. आणि एकर-दोन एकरांच्या मोजणी-पडताळणीचा खर्च क्रेडिटच्या किमतीपेक्षा मोठा होतो.

चुनखडी

कार्बन खरोखर अडकून राहतो तो बांधकामात, म्हणून एवढंच जोडतो. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेचे अंश सापडल्याचं संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं होतं, त्यामुळे कल्पना आपल्याला परकी नाही. आजच्या हेम्पक्रीटमध्ये हेम्पच्या गाभ्याचे तुकडे एक भाग, चुन्याचा बाइंडर (जोडणारा मसाला) दीड ते दोन भाग, पाणी बाइंडरच्या दीडपट, सगळं वजनाने. भिंत उष्णता छान अडवते, पण भार घेत नाही. आरसीसी किंवा लाकडी सांगाड्यात भरायची. मुंबईत ती फक्त दिवाळी ते होळी भरावी. तीस सेंटिमीटरची भिंत वाळायला दोन महिने सहज लागतात, आणि ओली असताना वरून सिमेंटचा गिलावा मारला की आत बुरशी. गिलावाही चुन्याचाच हवा.

अंबाडीच्या काड्या बारीक करून हे मिश्रण होतं का, असं कोणी विचारण्याआधी: होतं, पण चुरा पाणी जास्त पितो. आधी १५ सेंटिमीटरचे ठोकळे पाडून सावलीत वाळवा, कोपरे हाताने चुरले जातात का बघा, मग भिंतीचं बोला.

मुलुंडकर

पाच गुंठे अंबाडी, एक खड्डा, कडेच्या दोन ओळी भाजीला. ठरलं. मजुरांचं काय करावं? आमच्याकडे ऑक्टोबरात भातकापणी असते.

वरकसवाला

म्हणूनच पाच गुंठे म्हटलं. अंबाडी आणि हळवं (लवकर तयार होणारं) भात एकाच पंधरवड्यात येतात, आणि माणूस भाताकडेच जाणार. खाचरात गरवं भात लावलंत तर ते उशिरा कापणीला येतं, मधले आठ-दहा दिवस अंबाडीला मिळतात. बियाणं घेताना भाताचं आणि अंबाडीचं एकत्रच ठरवा.